पी एक सहा चार सात

पी शून्यनं सुरू होणारे दोष सगळ्यांचे.
कुठल्याही गाडीला होतात, कुठल्याही स्कॅनरला कळतात,
सर्दी-पडशासारखे.
पी एक मात्र घरातला.
दुसऱ्या आकड्यावरच दार लागतं,
आतून आवाज येतो: ज्यानं गाडी बनवली त्याला विचार.

कुणाला विचारू?
कारखाना नदीपलीकडे अजून दिसतो.
फाटकावरचं नाव काढून नेलंय,
अक्षरांच्या जागी स्क्रूची भोकं,
बर्फ पडला की तीही बुजतात.

सिक्स्टेन हालग्रेनची ही स्टेशन वॅगन, वय बावीस.
पहाटे लंगडते, दुपारी शहाण्यासारखी धावते.
स्कॅनरवर आकडा, आणि त्यापुढे
"निर्मात्याने निश्चित केलेला दोष."
संपलं.

सोमवारी इंधनाचा दाब पाहिला. बरोबर.
मंगळवारी इनटेकमध्ये धूर सोडला,
तो आतल्या आत फिरत राहिला, कुठूनही डोकावला नाही.
कॉइल बदलली. ग्राउंडची तार घासून लख्ख केली.
सेन्सरला पाच व्होल्ट हवेत, पाचच होते.
कोड पुसला.
पुसलेला कोड चार किलोमीटर गप्प बसला
आणि चर्चच्या वळणावर परत आला.

कारखान्याच्या लिलावात चाळीस क्रोनरला घेतलेलं मॅन्युअल काढलं,
मुखपृष्ठावर कुणाच्या तरी कॉफीचा गोल डाग.
पी एक सहा चार सात: नियंत्रक बदला.
खाली सुट्या भागाचा लांबलचक क्रमांक.
एरेब्रूचा भंगारवाला फोनवर हसला,
म्हणाला, मिळाला तर मलाही कळव.

द्रिनेच्या काठी माझ्या बाबांचं गॅरेज होतं.
सैल पट्टा किंचाळला की ते म्हणायचे, आत्या आली.
आमच्या गल्लीत सगळेच म्हणायचे.
पुढे गल्ली गेली.
पट्टे इथेही किंचाळतात.
मी 'पट्टा सैल आहे' असं बिलावर स्वच्छ स्वीडिशमध्ये लिहिते.

गुरुवारी सिक्स्टेन आला, भंगारात देऊन टाकतो म्हणाला.
जाता जाता विचारलं, आकडा कुठला होता गं?
सांगितला.
त्यानं हातमोजा काढून दातांत धरला,
हात इंजिनामागे घातला, मनगट, मग कोपर,
आणि बघत राहिला खिडकीबाहेर,
अंधारात दिव्याचं बटण शोधताना माणूस बघतो तसा.
इथं, मेर्येमा. बघ.

बोटाएवढा आरसा आत धरला.
तारांचा जुडगा ब्रॅकेटवर घासून घासून सोललेला,
एक तांब्याची तार हिरवी पडलेली.
गारठ्यात आक्रसते, लोखंडाला टेकते.
ऊन चढलं की सुटते.

एकोणीस वर्षं मी त्याच जागी उभा होतो, तो म्हणाला.
फेल्टचे दोन वेढे असायचे. त्या वर्षी वरून हुकूम आला, एक पुरे.
आम्ही याला कोडबिड म्हणत नव्हतो.
लेनार्टचा कोपरा म्हणायचो.

लेनार्ट कोण?
दुसऱ्या वेढ्यासाठी भांडला होता.
मग?
मग काय. एक वेढा.

डाग दिला, नळी तापवून बसवली,
वरून फेल्ट.
तो बाजूला उभा राहून मोजत होता.
मी तिसरा वेढा घ्यायला लागले तर म्हणाला,
दोनच.

बिलात 'दोषाचं कारण' असा रकाना आहे.
बराच वेळ पेन धरून बसले.
'तार' लिहिलं.
मॅन्युअलच्या समासात मात्र, पेन्सिलनं, दुसरं.

शुक्रवारी उणे एकोणीस.
फोन वाजला नाही.
दुपारी एक लाल गाडी फाटकातून आत वळली, पट्टा किंचाळत.
आत्या आली, मी म्हटलं.
चांगलं मोठ्यानं, आमच्या बोलीत.
लाल गाडीवाल्यानं काच खाली केली.
कोण?